घरची बोली, शाळेची मराठी आणि इंग्रजी : नायगाव परिसराच्या संदर्भात

एखाद्या समाजाचे इंग्रजी कच्चे आहे असे विधान जेव्हा केले जाते, तेव्हा ते कोणत्या भाषेच्या पायावर कच्चे राहिले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. मराठवाड्यातील विद्यार्थ्यांविषयी हे विधान इतक्या वेळा केले गेले आहे की, स्वतः विद्यार्थीही ते आपल्या स्वभावाचा भाग असल्यासारखे उच्चारू लागले आहेत. या विधानात एक गृहीत दडलेले असते. विद्यार्थ्याची भाषा मराठी आहे, त्याला इंग्रजीकडे जायचे आहे आणि या दोन भाषांमधले अंतर हीच त्याची अडचण आहे, असे ते गृहीत होय. नांदेड जिल्ह्यातील नायगाव परिसराचा भाषिक व्यवहार बारकाईने पाहिला, तर हे गृहीत टिकत नाही. तेथे विद्यार्थ्याला एक नव्हे, दोन पायऱ्या चढाव्या लागतात. पहिली घरच्या बोलीपासून शाळेच्या मराठीपर्यंतची आणि दुसरी शाळेच्या मराठीपासून इंग्रजीपर्यंतची. शिक्षणव्यवस्था दुसरी पायरी तेवढी मोजते. पहिल्या पायरीवर काय गमावले गेले, याची नोंद कोठेही होत नाही.

नायगाव हे नांदेडहून देगलूरमार्गे हैदराबादेकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. पूर्वी बिलोली तालुक्यात मोडणारे हे गाव आता स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण आहे. नरसी, कुंटूर, बरबडा, मांजरम ही या तालुक्यातील परिचित गावे. बाजाराच्या दिवशी येथे उभे राहिले, तर मराठवाडी बोली, दखनी, तेलुगू, बंजारा समाजाची गोरमाटी आणि वडारांची बोली एकाच वेळी कानावर पडतात. देगलूर-मुखेडकडे सरकावे तशी कन्नडही ऐकू येऊ लागते. या सरमिसळीला राजकीय इतिहासाचा आधार आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने नांदेड जिल्हा तत्कालीन मुंबई राज्यात आला, परंतु देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे आणि मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे त्यातून वगळली गेली. आज ती तेलंगणात आहेत. उलट आदिलाबादचा किनवट तालुका नांदेडला जोडला गेला. सीमारेषा कागदावर आखली गेली, सोयरिकी मात्र पूर्वीप्रमाणेच होत राहिल्या. त्यामुळे सीमेलगतच्या अनेक घरांत आजी तेलुगूत बोलते, सून मराठीत उत्तर देते आणि नातवंडे दोन्ही समजून घेऊन तिसऱ्याच भाषेत भांडतात.

जनगणनेचे रकाने या वस्तुस्थितीला पुरे पडत नाहीत. जनगणनेत मातृभाषा आणि त्याखेरीज अवगत असलेल्या दोन भाषा नोंदविल्या जातात. पुढे वर्गीकरणात गोरमाटी, म्हणजे जनगणनेतील ‘लमाणी/लंबाडी’, हिंदीच्या पोटात जाते. २०११ च्या जनगणनेत देशभरातील ३२ लाखांहून अधिक लंबाडी भाषक अशा रीतीने हिंदी भाषक ठरले. दखनी उर्दूत विरून जाते. तांड्यावर आईला ‘याडी’ आणि भाकरीला ‘बाटी’ म्हणणारे मूल कागदोपत्री हिंदी भाषक असते, शाळेच्या दृष्टीने मराठी भाषक असते आणि प्रत्यक्षात या दोन्ही भाषा त्याला शाळेतच शिकाव्या लागतात. याच जनगणनेत इंग्रजी ही मातृभाषा म्हणून नोंदविणाऱ्यांची संख्या संपूर्ण देशात २,५९,६७८ इतकीच आहे, तर दुसरी भाषा म्हणून ती सांगणाऱ्यांची संख्या आठ कोटींच्या पुढे जाते. भारतात इंग्रजी ही घराबाहेर मिळवावयाची भाषा आहे हे यावरून उघड होते. म्हणून ती मिळविताना घरातून काय बरोबर नेले, हा प्रश्न गौण ठरत नाही.

या संदर्भात मराठवाड्याचा पूर्वेतिहास उर्वरित महाराष्ट्राहून वेगळा आहे, याची जाणीव ठेवावयास हवी. इंग्रजीला ‘वाघिणीचे दूध’ म्हणण्याचा प्रघात पुण्या-मुंबईच्या इतिहासातून आला. सातारा जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाई फुले यांनीही ‘काव्यफुले’ (१८५४) या संग्रहात इंग्रजी शिकण्याचे आवाहन केले. त्या काळी त्या प्रदेशात इंग्रजी ही राज्यकर्त्यांची भाषा होती आणि शूद्रातिशूद्रांना तिच्यात ब्राह्मणी वर्चस्वाबाहेरची वाट दिसत होती. नांदेडकडच्या नायगावात सत्तेची भाषा उर्दू होती. निजामी राजवटीत १८८० च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली. तहसील, कचेरी, न्यायालय सारे उर्दूत चाले. प्राथमिक इयत्तांत मातृभाषेला काही वाव असे. पुढे वस्तानिया आणि फौकानिया या पायऱ्यांवर उर्दूचेच राज्य होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर उच्च शिक्षणही उर्दूतून दिले जाई, इंग्रजी हा अनिवार्य विषय असे आणि इंग्रजी ग्रंथांची भाषांतरे करण्यासाठी ‘दारुत्तर्जुमा’ ही स्वतंत्र यंत्रणा उभारण्यात आली होती. मराठी मुलाला इंग्रजीचे ज्ञान उर्दूच्या दारातून मिळे. या व्यवस्थेत मराठी, तेलुगू आणि कन्नड भाषकांवर अन्याय होता, यात शंका नाही. १९२१ साली हिप्परगा येथे निघालेली राष्ट्रीय शाळा हे त्या अन्यायाला दिलेले एक उत्तर होते. परंतु याच व्यवस्थेतून बाहेर पडलेल्या काही व्यक्तींची भाषिक घडण पाहिली, की अभ्यासकाला थांबावे लागते.

सेतुमाधवराव पगडी (१९१०–१९९४) हे त्यातले ठळक उदाहरण. जन्म निलंग्याचा, आताच्या लातूर जिल्ह्यातला. हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेत असताना त्यांनी गोंडी भाषेचा अभ्यास केला, फारसी साधनांवरून इतिहास लिहिला, उर्दू काव्य मराठीत आणले आणि इंग्रजीत ग्रंथरचना केली. ‘जीवनसेतू’ हे त्यांचे आत्मचरित्र म्हणजे एका बहुभाषिक मनाचा दस्तऐवज आहे. स्वामी रामानंद तीर्थ यांचा जन्म कन्नड मुलखातल्या सिंदगीचा, कार्य मराठवाड्यातले आणि मुक्तिसंग्रामाच्या त्यांच्या आठवणी इंग्रजीत लिहिलेल्या. संस्थानातल्या तेलुगू मुलखात वाढलेल्या पी. व्ही. नरसिंह राव यांनी हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी तेलुगूत नेली. पुढच्या पिढीत नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांनी रिचर्ड्सच्या कलामीमांसेची चिकित्सा मराठीत ग्रंथरूपाने केली आणि नांदेडच्या पीपल्स कॉलेजमधील वर्गांना त्या विचारांची सवय लावली.

या मंडळींचे इंग्रजी इतके समर्थ कशामुळे झाले? इंग्रजी माध्यम हे त्याचे कारण नव्हे, हे स्पष्टच आहे. एक भाषा दुसरीवर ठेवून पाहण्याची, एका शब्दाला चार भाषांतले पर्याय तोलण्याची सवय त्यांना लहानपणापासून लागली होती, हे कारण अधिक संभवनीय वाटते. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ साली मांडलेला भाषांच्या परस्परावलंबनाचा सिद्धान्त येथे आठवतो. पहिल्या भाषेत विचाराची जी घडी बसते तीच दुसऱ्या भाषेत उपयोगाला येते, पहिली भाषा खुंटली तर दुसरीही वरवरचीच राहते, असे त्यांच्या मांडणीचे सार सांगता येईल. अर्थात पगडी-कुरुंदकरांच्या उदाहरणाने हुरळून जाण्याचे कारण नाही. ही सर्व उच्चवर्णीय पुरुषांची उदाहरणे आहेत. त्यांच्या बहुभाषिकतेला लिपी होती, ग्रंथ होते, मान होता. त्याच काळात धनगर, वडार, बंजारा आणि बाजारकरी स्त्रिया तीन-चार भाषांत व्यवहार करीतच होत्या. पण त्याला कोणी विद्या म्हटले नाही. आजही म्हटले जात नाही. प्रस्तुत प्रश्नाचे मूळ येथे आहे.

१९४८ नंतर उर्दूचे स्थान मराठीने घेतले. ते न्याय्य होते आणि आवश्यकही होते. मात्र मराठीबरोबर जी ‘शुद्ध’ मराठी आली, ती या भागातल्या कोणाच्याच घरात बोलली जात नव्हती. मराठी घरातल्या मुलालाही ‘जायलाव’ सोडून ‘जात आहे’ शिकावे लागले. ‘जायलाव’ म्हटले की वर्ग हसतो, हा अनुभव मराठवाड्यातून पुण्याला शिकायला गेलेल्या अनेक पिढ्यांचा आहे. परंतु हसण्याची सुरुवात पुण्यात होत नाही, ती गावातल्याच शाळेत होते. लातूर परिसरातल्या ग्रामीण जीवनाची बोली रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’ (१९७१) या कादंबरीने साहित्यात प्रतिष्ठित केली. ती कादंबरी महाविद्यालयात अभ्यासली जाते. त्या बोलीत उत्तरपत्रिका लिहिणाऱ्याचे गुण मात्र कापले जातात. या विसंगतीकडे मराठीच्या प्राध्यापकांनी क्वचितच पाहिले आहे.

आता प्रत्यक्ष भाषिक रूपांकडे वळता येईल. घरची बोली ही इंग्रजीच्या वाटेतली धोंड आहे असा समज रूढ आहे. काही ठिकाणी वस्तुस्थिती नेमकी उलट दिसते.

मराठवाडी बोलीत ‘जातो’ आणि ‘जायलाव’ यांची कामे काटेकोरपणे वेगळी आहेत. ‘म्या रोज नांदेडला जातो’ आणि ‘म्या आत्ता नांदेडला जायलाव’ यांत सवयीची क्रिया आणि चालू क्रिया यांचा भेद क्रियापदाच्या रूपातच सांगितला जातो. नांदेडकडे ‘करूलालाव’, ‘जाऊलालाव’ अशीही रूपे आढळतात. त्यांचे कार्य तेच. प्रमाण मराठीत हा भेद आहे, पण सैल आहे. ‘थांब, मी आत्ता जातो’ हे वाक्य चालू क्रियेला आणि लगतच्या भविष्यालाही चालते. इंग्रजीत मात्र ‘आय गो’ आणि ‘आय ॲम गोइंग’ यांत सरमिसळ खपत नाही. बोलीतला विद्यार्थी हा भेद जन्मापासून पाळत आलेला असतो. शिक्षक त्याला तो ‘मी जातो’ आणि ‘मी जात आहे’ या दोन प्रमाण रूपांच्या आधारे समजावून सांगतात, त्यातले दुसरे रूप त्याच्या तोंडी कधीच नसते. हातातली किल्ली बाजूला ठेवून कुलूप हलवीत बसण्याचा हा प्रकार आहे.

अर्थात ही किल्ली प्रत्येक कुलपाला लागत नाही. बोलीत ‘मला कळायलंय’, ‘वाटायलंय’, ‘दिसायलंय’ ही रूपे सर्रास येतात. इंग्रजीत जाणणे, वाटणे, असणे या अर्थाची क्रियापदे सामान्यतः चालू रूपात वापरीत नाहीत. या भागातला विद्यार्थी ‘आय ॲम नोइंग’, ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ अशी वाक्ये लिहितो. अशी वाक्ये भारतभर आढळतात, त्यांचे उगमही अनेक आहेत. पण या परिसरात बोलीच्या नियमाचा विस्तार हा त्यांचा एक उगम मानावयास जागा आहे. एकाच नियमाने एके ठिकाणी विद्यार्थी बरोबर येतो आणि दुसऱ्या ठिकाणी चुकतो. नियम माहीत असेल तर शिक्षकाला दोन्ही गोष्टी एका तासात दाखविता येतील. नियम माहीत नसेल तर एकीचे श्रेय पाठ्यपुस्तकाला आणि दुसरीचा दोष विद्यार्थ्याच्या खेडवळपणाला दिला जातो.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण त्यात तीन घरच्या भाषा एकत्र येतात. दुसऱ्याचे बोलणे सांगण्याची रीत पाहावी. मराठवाडी बोलीत ‘उद्या येतो म्हणून म्हणला’ असे म्हणतात. दखनीत ‘कल आतूं बोलके बोला’. तेलुगूत ‘रेपु वस्तानु अनि चेप्पाडु’. तिन्ही वाक्यांची बांधणी एक आहे. आधी त्या माणसाचे शब्द जसेच्या तसे, त्याच्याच प्रथमपुरुषात. मग ‘म्हणून’, ‘बोलके’ किंवा ‘अनि’ हा जोडणारा शब्द. शेवटी म्हणण्याची क्रिया. दखनीतले ‘बोलके’ हे उत्तरेकडच्या उर्दूत या कामासाठी नाही. दक्षिणेतल्या भाषांच्या सहवासात ते घडले. गम्पर्झ आणि विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातील कुपवाडच्या मराठी, कन्नड व उर्दू व्यवहाराचा जो अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध केला, त्यात शतकानुशतकांच्या शेजारामुळे शब्द निरनिराळे राहून वाक्यरचना एकमेकींच्या जवळ आल्याचे त्यांना आढळले होते. गोदावरीकाठचे हे उदाहरण त्याच जातकुळीचे आहे.

इंग्रजीत हे सारे उलटे होते. ‘ही सेड’ आधी येते, ‘दॅट’ मध्ये, बोलणे शेवटी. शिवाय ‘मी’चा ‘तो’ होतो, ‘विल’चे ‘वुड’ होते आणि ‘टुमॉरो’चे ‘द नेक्स्ट डे’. चार बदल एकाच वेळी करावे लागतात. म्हणून ‘ही सेड दॅट आय विल कम टुमॉरो’ हे वाक्य नायगावच्या वर्गात मराठी घरातला मुलगा लिहितो, मोमीन वस्तीतली मुलगी लिहिते आणि तेलुगू घरातलाही लिहितो. तिघांनी चार बदलांपैकी एक, क्रमाचा, साधला आहे. उरलेल्या तिन्हींत त्यांनी आपल्या भाषेचा नियम प्रामाणिकपणे पाळला आहे. परीक्षेत प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष कथनाचा प्रश्न हमखास विचारला जातो आणि तो पाठांतराने सोडविण्याचे तक्ते बाजारात मिळतात. ‘तुमच्या घरी ही गोष्ट कशी सांगतात?’ एवढा एक प्रश्न फळ्यावर मांडला, तर तीन घरांची तीन वाक्ये शेजारी शेजारी येतील आणि इंग्रजी वाक्य कोठे वळते ते तक्त्यावाचून दिसेल.

संख्यावाचक शब्दांची गोष्ट लहान आहे, पण नोंदविण्याजोगी आहे. मराठीत ‘एकवीस’ म्हणताना एक आधी येतो, इंग्रजीत वीस आधी. तेलुगूत ‘इरवै ओकटि’ म्हणताना वीसच आधी येतो. तेलुगू घरातल्या मुलाला येथे इंग्रजी सोपे जाते आणि मराठी अवघड. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी मांडणी दिली तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला. त्या वादात सीमाभागातील मुलांचा विचार कोणी केल्याचे दिसले नाही.

आणखी एक बाब विसरून चालणार नाही. इंग्रजी या घरांत अगोदरच येऊन बसलेली आहे. ‘डीपी जळाली’, ‘बोअर आटला’, ‘लाईट गेली’, ‘फारम भरला’ ही वाक्ये शाळेत न गेलेला शेतकरीही बोलतो. या शब्दांना त्याने लिंग दिले आहे, अनेकवचन दिले आहे, विभक्ती लावली आहे. परकी सामग्री स्वतःच्या व्याकरणात बसविण्याचे हे काम कुशलतेचे आहे. शाळा त्याला अशुद्ध मराठी म्हणते आणि इंग्रजी म्हणूनही त्याची गणना करीत नाही.

एवढे सामर्थ्य घरात असूनही वर्गात मौन का पसरते, याचे उत्तर शिक्षणाच्या रचनेत शोधावे लागते. २००० सालापासून महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. पुढे गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकविणारे सेमी-इंग्रजी वर्ग तालुक्याच्या गावांपर्यंत पोचले. दहावीनंतर विज्ञान शाखेत प्रवेश घेणाऱ्याला अकरावीत पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र इंग्रजीतूनच शिकावे लागते. लातूरची महाविद्यालये आणि शिकवणी वर्ग यांनी वैद्यकीय-अभियांत्रिकी प्रवेशाचा जो मार्ग प्रसिद्ध केला, त्या मार्गावर नायगावचा विद्यार्थीही असतो. दोन वर्षांत तो इंग्रजी संज्ञा आत्मसात करतो, बहुपर्यायी प्रश्न सोडवितो. परंतु त्या विषयावर सलग दहा वाक्ये त्याला इंग्रजीत लिहिता येत नाहीत आणि मराठीतही येत नाहीत. मराठीत तो विषय त्याने कधी वाचलेला नसतो, बोलीत त्याविषयी बोलण्याची त्याला चोरी असते. पगडींच्या पिढीला माध्यम परके असूनही चार भाषा साधल्या. या पिढीला माध्यम आपले मिळूनही एकही पुरती साधत नाही.

विद्यार्थ्यांना इंग्रजीपासून दूर ठेवावे, असा निष्कर्ष यातून काढणे घातक ठरेल. विशेषतः दलित आणि भटक्या-विमुक्त समाजांच्या दृष्टीने इंग्रजीचे महत्त्व वादातीत आहे. १९५० साली औरंगाबादेत डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सुरू केलेल्या आणि पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने प्रसिद्ध झालेल्या महाविद्यालयाचे ऋण येथे मान्य करावे लागते. तेथील इंग्रजीचे प्राध्यापक म. ना. वानखेडे आणि लातूरचे प्राचार्य जनार्दन वाघमारे या दोघा इंग्रजीच्या अध्यापकांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे साहित्य मराठी वाचकांसमोर आणले आणि दलित साहित्याच्या चर्चेला एक जागतिक संदर्भ मिळवून दिला. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरूपद वाघमारे यांच्याकडे आले, ही गोष्टही सूचक आहे. या दोघांनी इंग्रजीतून मिळविलेले मराठीत आणले. लातूर जिल्ह्यातीलच लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) वाचताना दिसते की, ज्या समाजाला शाळेचे दारच परके होते, त्याच्या दृष्टीने प्रमाण मराठी हीदेखील मिळवावयाची भाषा होती.

मराठी विभागांच्या बाबतीत एक अडचण स्पष्टपणे नोंदवावी लागेल. पदव्युत्तर अभ्यासक्रमात बोलींचा अभ्यास असतो. त्यासाठी विद्यार्थी शब्दसंग्रह करतात, म्हणी जमवितात, ‘लुप्त होत चाललेले शब्द’ या मथळ्याखाली याद्या देतात. बोलीचे वाक्य कसे चालते, याकडे फारसे कोणी वळत नाही. इंग्रजी विभागात चुकांचे विश्लेषण होते. तेथे ‘मातृभाषेचा प्रभाव’ या एका शीर्षकाखाली प्रमाण मराठीच गृहीत धरली जाते. दोन विभागांच्या भिंती एकाच इमारतीत असतात आणि नरसीहून एसटीने येणारा एकच विद्यार्थी दोन्हीकडे बसतो. ‘जायलाव’ची नोंद एकीकडे आहे, ‘आय ॲम नोइंग’ची दुसरीकडे.

अशा अभ्यासाला हात घालणाऱ्याला पहिली अडचण शाळेच्या जनरल रजिस्टरातच येईल. त्यात मातृभाषेचा रकाना असतो. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे मातृभाषा म्हणजे बालपणी आई मुलाशी जी बोलली ती भाषा. आई भैंशाकडून आलेली, तिचे माहेर तेलुगू, सासर बरबड्याचे, शेजारी दखनी बोलणारे. ती मुलाला तेलुगूत झोपविते, मराठीत रागावते आणि दुकानावर दखनीत हिशेब विचारायला पाठविते. प्रवेशाच्या दिवशी मुलाबरोबर बहुधा वडील येतात. गुरुजी विचारतात, वडील क्षणभर थांबतात आणि ‘मराठी लिवा’ म्हणतात.